राजधानी गेली, क्योटो राहिले

(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात काही वाक्ये अशी असतात की, ती परीक्षेपुरती पाठ करून आपण पुढे जातो. जपानमधील मेजी क्रांतीच्या प्रकरणात असेच एक वाक्य आहे. सम्राटाने आपले वास्तव्य क्योटोहून टोकियोस हलविले, एवढाच त्याचा आशय. वर्गात हे वाक्य आले तेव्हा मी उभा राहून विचारले, "सर, सम्राट गेला, पण मागे राहिलेल्या गावाचे काय झाले?" वर्गात थोडा हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर शोधून काढ आणि वार्षिक अंकासाठी लिहून दे." प्रस्तुत लेख हा त्या आज्ञेचे पालन करण्याचा प्रयत्न आहे.

हा प्रश्न मला का सुचला, तेही सांगितले पाहिजे. माझे वडील यंत्रमागावर कामगार आहेत. कापडाची मागणी थांबली की माग थांबतात आणि माग थांबले की किराणा दुकानापासून चहाच्या गाड्यापर्यंत सारी गल्ली थांबते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. क्योटो हेही विणकरांचे गाव. रेशमी वस्त्रे विणणाऱ्या तेथील कारागिरांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे राजदरबार आणि त्याभोवतीचे सरदार. ते गिऱ्हाईकच एके दिवशी निघून गेले तर काय होत असेल, असे माझ्या मनात आले.

नगरीची स्थापना

क्योटोच्या आधी जपानची राजधानी नारा येथे होती. इ. स. ७१० ते ७८४ या काळात नारा नगरीत भव्य बौद्ध मठ उभे राहिले आणि त्यांचा राजकारणातील प्रभावही वाढत गेला. तो टाळावा, हे राजधानी हलविण्याचे एक कारण इतिहासकार देतात. सम्राट कान्मू याने ७८४ मध्ये नागाओका येथे नवी राजधानी वसविण्यास घेतली. परंतु ते काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा खून झाला, त्या प्रकरणात राजपुत्र सावारा याच्यावर आळ आला आणि हद्दपारीच्या वाटेवरच त्याचा अंत झाला. पुढे पूर आले, रोगराई आली. हा राजपुत्राच्या अतृप्त आत्म्याचा कोप होय, अशी समजूत पसरली आणि अवघ्या दहा वर्षांत नागाओका सोडावे लागले.

इ. स. ७९४ मध्ये कान्मूने जवळच्याच एका खोऱ्यात नवी राजधानी स्थापिली. तिन्ही बाजूंना डोंगर, पूर्वेस कामो आणि पश्चिमेस कात्सुरा ही नदी, अशी ती जागा. नगरीस 'हेआन-क्यो' म्हणजे 'शांततेची राजधानी' असे नाव दिले. पुढे रूढ झालेले 'क्योटो' हे नाव ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्या दोन्हींचा अर्थ राजधानी असाच आहे.

नगरीची आखणी चीनमधील थांग राजवटीच्या चांगआन या राजधानीवरून केली होती. पूर्व-पश्चिम सुमारे साडेचार किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सव्वापाच किलोमीटर एवढ्या जागेत बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकमेकांस काटकोनात छेदणारे रस्ते होते. मधला सुझाकू राजमार्ग ८० मीटरहून अधिक रुंद होता. मात्र कागदावरची आखणी आणि जमीन यांचे जमले नाही. पश्चिमेकडील अर्धा भाग दलदलीचा निघाला. लोकांनी तो हळूहळू सोडून दिला आणि नगरी पूर्वेकडे, कामो नदीपलीकडे वाढत गेली. पुढच्या हजार वर्षांचे क्योटो हे राजाच्या नकाशाइतकेच लोकांच्या सोयीनेही घडले आहे.

भारताशी असलेले नाते

नाराचा अनुभव लक्षात घेऊन नव्या राजधानीच्या हद्दीत सुरुवातीस केवळ दोनच बौद्ध मठांना परवानगी होती. त्यांपैकी पश्चिमेचा साईजी आज उरलेला नाही. पूर्वेचा तोजी मठ मात्र आहे. ८२३ मध्ये तो कूकाई या आचार्यांच्या स्वाधीन करण्यात आला. त्याचा पाच मजली मनोरा सुमारे ५५ मीटर उंच असून, जपानमधील लाकडी मनोऱ्यांत तो सर्वांत उंच आहे. सध्याचा मनोरा १६४४ मधील आहे. या मठाच्या व्याख्यानगृहात बुद्ध व बोधिसत्त्व यांच्या मूर्तींबरोबर हत्तीवर बसलेला इंद्र आहे आणि हंसांनी तोललेल्या कमळावर बसलेला ब्रह्मदेवही आहे! भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्म जपानला गेला, हे आपण शाळेत शिकतो. त्या प्रवासात आपल्या ओळखीची मंडळीही सोबत गेली, हे मला नव्याने समजले.

याहून गमतीची गोष्ट गिओन या नावाची आहे. क्योटोतील गिओन उत्सव जगप्रसिद्ध आहे. श्रावस्तीजवळच्या ज्या जेतवन विहारात भगवान बुद्धांनी अनेक वर्षावास केले, त्या जेतवनाच्या चिनी-जपानी नावावरून 'गिओन' हा शब्द आला आहे. ८६९ मध्ये देशभर साथ पसरली असता रोग दूर व्हावा म्हणून जपानच्या ६६ प्रांतांची प्रतीके म्हणून ६६ भाले उभारून पूजा करण्यात आली. तेथून या उत्सवाचा आरंभ मानतात. आज जुलै महिन्यात निघणाऱ्या मिरवणुकीत तीसहून अधिक उंच, सजविलेले रथ असतात. या उत्सवाचा पुढे पुन्हा उल्लेख येणार आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा.

हेआन काळातील राजदरबारात साहित्य बहरले. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या दरबारातील स्त्रीने 'गेंजी मोनोगातारी' ही दीर्घ कथा लिहिली. ती जगातील आद्य कादंबऱ्यांपैकी एक समजली जाते. भावाला शिकवीत असता बाजूला बसून ती चिनी ग्रंथ शिकली आणि ही मुलगी मुलगा असती तर बरे झाले असते, असे वडील हळहळले, अशी नोंद तिने आपल्या रोजनिशीत केली आहे. भावाचे नाव आज तिच्यामुळेच कोणाला माहीत असेल तर असेल.

युद्धे, आगी आणि गल्ल्या

बाराव्या शतकाच्या अखेरीपासून खरी सत्ता शोगुन म्हणजे लष्करी सरदारांच्या हाती गेली. सम्राट क्योटोतच राहिला, पण राज्यकारभार बहुतेक काळ इतरांनी केला. साताऱ्यास छत्रपती आणि पुण्यास पेशवे ही व्यवस्था आठवली, तर हे समजणे अवघड जाणार नाही.

इ. स. १४६७ ते १४७७ या दहा वर्षांत सरदारांच्या दोन गटांत ओनिन युद्ध झाले आणि ते क्योटोच्या रस्त्यांवरच झाले. नगरीचा मोठा भाग जळाला. विणकर परागंदा झाले. युद्ध संपल्यावर ते परतले आणि जेथे पश्चिमेकडील सैन्याचा तळ होता, त्या भागात त्यांनी माग मांडले. म्हणून त्या वस्तीचे नाव पडले 'निशिजिन', म्हणजे 'पश्चिमेची छावणी'. आजही निशिजिनचे रेशीम याच नावाने ओळखले जाते.

या युद्धात बंद पडलेला गिओन उत्सव १५०० मध्ये पुन्हा सुरू झाला. तो उभा करण्यात गल्ल्यागल्ल्यांतील व्यापारी व कारागीर पुढे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे मिळून एक 'चो' होई. आपण तिला गल्ली किंवा आळी म्हणू. तिचे स्वतःचे नियम, स्वतःची वर्गणी आणि स्वतःचा रथ असे. राजे आणि सरदार आपसांत लढत असता आपले रक्षण आपणच करावयाचे, ही सवय या गल्ल्यांना लागली. पुढील काळातही १७८८ व १८६४ मध्ये प्रचंड आगी लागल्या. १८६४ च्या आगीत २५ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. प्रत्येक वेळी लोकांनी शहर पुन्हा बांधले.

सम्राट गेला

इ. स. १६०३ मध्ये तोकुगावा शोगुनांनी क्योटोत निजो किल्ला बांधला. परंतु त्यांचे सत्ताकेंद्र एदो येथे होते. याच निजो किल्ल्यात १८६७ मध्ये शेवटचा शोगुन योशिनोबू याने सत्ता सम्राटास परत देण्याचा निर्णय जाहीर केला. क्योटोकरांस वाटले असेल, आता आपल्या नगरीस पुन्हा वैभव येणार. घडले उलटेच. १८६८ मध्ये एदोचे नाव बदलून टोकियो म्हणजे 'पूर्वेची राजधानी' असे ठेवले गेले. तरुण सम्राट मेजी एकदा तेथे जाऊन परतला आणि १८६९ च्या वसंतात पुन्हा गेला, तो राहण्यासाठी परत आलाच नाही. विशेष म्हणजे राजधानी बदलल्याचे अधिकृत फर्मान कधीच निघाले नाही. त्यामुळे सम्राट जरा बाहेरगावी गेले आहेत, असे क्योटोची माणसे अजूनही थट्टेने म्हणतात.

सम्राटामागोमाग सरदार गेले, अधिकारी गेले, बडे व्यापारीही गेले. सुमारे साडेतीन लाख वस्तीचे हे शहर काही वर्षांत तिच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास आले. १८६४ च्या आगीच्या खुणा अजून बुजल्या नव्हत्या. आता येथे कोल्हेकुई ऐकू येणार, अशी भीती लोक बोलून दाखवू लागले.

चुलीमागे वर्गणी

येथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ज्या वर्षी सम्राट गेला, त्याच १८६९ या वर्षात क्योटोत ६४ प्राथमिक शाळा सुरू झाल्या. जपान सरकारने देशभर शिक्षणाची योजना जाहीर केली १८७२ मध्ये. म्हणजे क्योटोने तीन वर्षे आधीच, स्वतःच्या बळावर, शहरभर शाळांचे जाळे विणले होते.

हे कसे झाले? जुन्या गल्ल्यांचे मोठे गट पाडण्यात आले. गटाला 'बानगुमी' म्हणत. प्रत्येक गटाने आपली शाळा उभारावी, असे ठरले. शासनाने काही रक्कम दिली. बाकी भार लोकांनी उचलला. धनिकांनी देणग्या दिल्या आणि प्रत्येक घराकडून 'कामादो-किन' घेण्यात आले. 'कामादो' म्हणजे चूल. घरपट्टी, पाणीपट्टी तशी ही चूलपट्टी म्हणावी! ज्या घरात चूल पेटते त्या प्रत्येक घराने ती द्यावयाची, मग त्या घरात शाळेत जाणारे मूल असो वा नसो.

शाळेची इमारत केवळ मुलांसाठी नव्हती. गल्लीच्या सभा तेथेच भरत. आगीवर नजर ठेवण्यासाठी छपरावर मनोरा असे आणि वेळ सांगण्यासाठी नगारा. देवी टोचण्याचे कामही तेथे होई. ज्या गल्ल्या गिओन उत्सवाचे रथ ओढीत आल्या होत्या, त्यांनीच आता शाळा ओढल्या. जपानमधील थोर विचारवंत फुकुझावा युकिची यांनी १८७२ मध्ये या शाळा पाहिल्या आणि त्यांची प्रशंसा करणारा निबंध लिहिला.

चूलपट्टी सक्तीची होती, हे विसरून चालणार नाही. आगीतून नुकत्याच उठलेल्या, धंदा बसलेल्या माणसाने ती हसतमुखाने दिली असेल, असे मला वाटत नाही. तरीही ती दिली गेली आणि शाळा टिकल्या, ही वस्तुस्थिती आहे.

माग आणि कालवा

आता विणकरांकडे वळू. दरबाराचे गिऱ्हाईक तुटल्यावर निशिजिनचे माग मंदावले. १८७२ मध्ये क्योटोच्या शासनाने तीन विणकरांना फ्रान्समधील लियाँ या रेशमाच्या शहरी पाठविले. तेथून जकार्ड यंत्रे आणली गेली. या यंत्रात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पत्त्यांची माळ असते. कोणते ताण्याचे धागे उचलावयाचे ते भोके ठरवितात आणि त्याप्रमाणे नक्षी उमटते. पूर्वी यासाठी मागावर चढून धागे ओढणारा दुसरा माणूस लागे. जकार्डचे पत्ते मी वडिलांच्या ओळखीच्या एका कारखान्यात खटाखट फिरताना पाहिले आहेत. तेच यंत्र दीडशे वर्षांपूर्वी एका बुडत्या शहराचा आधार झाले, हे वाचून मला फार नवल वाटले. त्या तिघांपैकी एक विणकर मात्र घरी पोचला नाही. परतीच्या प्रवासात त्याचे जहाज जपानच्या किनाऱ्याजवळच बुडाले.

दुसरे मोठे काम म्हणजे बिवा सरोवराचा कालवा. बिवा हे जपानमधील सर्वांत मोठे सरोवर क्योटोच्या पूर्वेस, डोंगरापलीकडे आहे. त्याचे पाणी बोगद्यांतून शहरात आणावे, म्हणजे मालाची वाहतूक होईल, शेतीस पाणी मिळेल आणि यंत्रे चालतील, अशी योजना राज्यपाल कितागाकी कुनिमिची यांनी आखली. कामाची सूत्रे कोणाकडे दिली? तानाबे साकुरो या तरुणाकडे. १८८३ मध्ये तो अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाला, तेव्हा त्याचे वय २१ होते. पदवीसाठी त्याने लिहिलेला प्रबंध याच कालव्यावर होता. प्रबंध लिहून परीक्षकांच्या स्वाधीन करावयाचा आणि विसरून जावयाचा, एवढेच आपल्याला ठाऊक. येथे प्रबंधाचाच कालवा झाला!

१८८५ ते १८९० अशी पाच वर्षे काम चालले. पहिला बोगदा २,४३६ मीटर लांबीचा, त्या वेळी जपानमध्ये सर्वांत लांब. खर्च साडेबारा लाख येनच्या आसपास आला. सम्राटाने शहरास दिलेल्या निधीतून काही भाग निघाला, पण नागरिकांवर खास करही बसला आणि त्याविरुद्ध कुरकुरही झाली. कामावर १७ जण मृत्यू पावले. त्यांचे स्मारक तानाबे यांनी पुढे स्वखर्चाने उभारले.

काम चालू असतानाच, १८८८ मध्ये तानाबे अमेरिकेस गेले. ॲस्पेन येथे पाण्यावर वीज निर्माण होत असल्याचे त्यांनी पाहिले आणि परतून मूळ योजना बदलली. १८९१ मध्ये केआगे येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले. सर्वसामान्य ग्राहकांना वीज पुरविणारे हे जपानमधील पहिले जलविद्युत केंद्र. या विजेवर निशिजिनचे माग चालू लागले आणि १८९५ मध्ये जपानमधील पहिली विजेची ट्राम क्योटोत धावली. ट्राम १९७८ मध्ये बंद झाली. कालवा आजही वाहतो आणि क्योटोचे पिण्याचे पाणी आजही बिवा सरोवरातूनच येते. नानझेनजी मठाच्या आवारातून जाणारा विटांच्या कमानींचा जलसेतू आता प्रेक्षणीय स्थळ झाला आहे.

आजचे क्योटो

१९४५ मध्ये अणुबाँबच्या लक्ष्यांच्या यादीत क्योटोचे नाव होते. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी ते काढावयास लावले. पुढे नागासाकीचे नाव यादीत आले. एका शहराचे वाचणे दुसऱ्या शहराच्या नाशाशी असे जोडलेले आहे. त्यामुळे क्योटोच्या सुदैवाबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो.

आज पर्यटक तेथे जातात ते प्रामुख्याने जुन्या वास्तू पाहण्यास. डोंगरउतारावर उंच लाकडी खांबांवर उभा असलेला कियोमिझुदेरा मंदिराचा सज्जा १६३३ मधील आहे. सांजूसांगेनदो या सुमारे १२० मीटर लांबीच्या सभागृहात कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वराच्या १,००१ मूर्ती आहेत. सुवर्णमंडित किंकाकुजी १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळले. ते १९५५ मध्ये पुन्हा बांधले गेले. क्योटो आणि शेजारच्या उजी व ओत्सू येथील १७ वास्तूंचा १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १९९७ मध्ये हवामानबदलाविषयीचा क्योटो करारही येथेच झाला. रिकामा राजवाडा अजून उभा आहे आणि राज्यारोहणाचे सिंहासन तेथेच ठेवलेले असते. १९९० व २०१९ मध्ये राज्यारोहणासाठी ते सुटे करून टोकियोस नेले आणि समारंभानंतर परत आणले.

लोकसंख्येचा आलेख पुन्हा चढला. १९३२ मध्ये ती दहा लाखांवर गेली आणि २०२० च्या जनगणनेत सुमारे १४ लाख ६४ हजार भरली. त्यात दहामागे साधारण एक जण महाविद्यालयाचा वा विद्यापीठाचा विद्यार्थी आहे. सम्राटाच्या नगरीचे विद्यार्थ्यांच्या नगरीत रूपांतर झाले, ते असे.

मात्र चूलपट्टीच्या शाळांपैकी मध्यवस्तीतल्या अनेक शाळा आता बंद झाल्या आहेत. जन्मदर घटला, मुले कमी झाली. तरी इमारती पाडून टाकल्या नाहीत. १८६९ मधील तात्सुइके शाळेच्या इमारतीत २००६ मध्ये चित्रकथांचे संग्रहालय सुरू झाले. मेइरिन शाळेत कलाकेंद्र आहे. आणखी एका शाळेत या शाळांच्याच इतिहासाचे संग्रहालय आहे. आणि २०२३ मध्ये जपान सरकारचे सांस्कृतिक खाते टोकियोहून क्योटोस हलविण्यात आले. सम्राट परतला नाही. पण १५४ वर्षांनी एक सरकारी कचेरी तरी परतली!

समारोप

हा अभ्यास करताना चूलपट्टी हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी माग महिनाभर बंद होते. आई कांड्या भरून जमविलेले पैसे घेऊन बसली होती, पण ते पुरत नव्हते. तेव्हा शेजारच्या आजींनी पाचशे रुपयांची नोट आईच्या हातात ठेवली. आजींना मूलबाळ नाही. "पोरगं शिकतंय न्हवं? मग आपल्या गल्लीचंच हाय की," एवढेच त्या म्हणाल्या. वर्ष संपल्यावर मी पैसे परत करावयास गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत. "पुढच्याला दे," म्हणाल्या. आजींनी क्योटोचे नाव ऐकलेले नाही.

परीक्षेत मेजी क्रांतीवरील ते वाक्य पुन्हा येईल. मी ते एका ओळीतच लिहीन, कारण त्याला गुणही तेवढेच असतात. त्यानंतरचा भाग मी येथे लिहिला आहे. पाचशे रुपये अजून माझ्याजवळ आहेत. यंदा आमच्या गल्लीतील एक मुलगी बारावीच्या परीक्षेस बसली आहे.